बिस्लेच्या माळावरची थ्री-नॉट-थ्री

इंग्लंडमध्ये दरवर्षी जुलै महिन्यात कोल्हापूरच्या नावाने एक नेमबाजीची स्पर्धा भरते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल. 'द कोलापोर' हे तिचे नाव. साहेबाच्या जुन्या स्पेलिंगात कोल्हापुरातला 'ह' गळाला, तो आजतागायत परत आलेला नाही. आठ नेमबाजांचा एक संघ, 300, 500 आणि 600 यार्डांवरून प्रत्येकी दहा गोळ्या, असा हा सामना. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांचे संघ त्यासाठी येतात. करंडक कोल्हापूरच्या महाराजांच्या नावाचा आणि पहिला सामना 1871 सालचा.

हे महाराज म्हणजे राजर्षी शाहूंच्या आधीचे राजाराम महाराज. 1870 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ते युरोपच्या प्रवासाला गेले. इंग्लंड पाहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात त्यांचे निधन झाले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. तिथे त्यांचा अर्धपुतळा आणि छत्री आहे आणि जवळच्या आधुनिक पुलाला तिथले लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. म्हणजे करंडकासाठी पहिली गोळी सुटली, तेव्हा ज्यांच्या नावाचा तो करंडक, ते महाराज या जगात नव्हते. कोल्हापूरला न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात आपण सगळेच मुलाबाळांना घेऊन जातो. तिथल्या तलवारी-बंदुका पाहताना या दूरदेशीच्या करंडकाची आठवण सहसा कोणी काढत नाही.

आमची मुलगी आणि जावई लंडनजवळच्या वोकिंग गावी राहतात. 2023 च्या सप्टेंबरात आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो होतो. राणीचा राजवाडा, टेम्स, म्युझियम हे सगळे यथासांग झाले. मग एका शनिवारी जावई म्हणाले, "बाबा, माझ्या ऑफिसातले एक गृहस्थ जुन्या लष्करी रायफली जमवतात. त्यांच्या क्लबात पाहुण्यांचा दिवस आहे. येता का? तुमचे वडील फौजेत होते ना, म्हणून म्हटलं." सौभाग्यवती धारवाडकडची. तिने लगेच माझ्याकडे पाहिले. बंदुका बघायला एवढ्या लांब कशाला यायचे, आपल्या कॅम्पात काय कमी आहेत, असे तिच्या नजरेत स्पष्ट लिहिलेले होते. पण आली.

या ठिकाणाचे नाव बिस्ले. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून सुटणारी गाडी पाऊण तासाच्या आत ब्रुकवूडला पोहोचते. तिथून माळ जवळच. ब्रुकवूड हे स्टेशन मुळात प्रसिद्ध आहे ते तिथल्या विस्तीर्ण दफनभूमीमुळे. ब्रिटनमधली ही सर्वांत मोठी दफनभूमी. तिथल्या पारशी विभागात जमशेटजी टाटा चिरविश्रांती घेत आहेत. 1904 साली जर्मनीत त्यांचे निधन झाले आणि त्यांना इथे आणले गेले. सर दोराबजी आणि सर रतन टाटांच्या समाध्याही तिथेच आहेत. आम्ही आधी तिकडे जाऊन हात जोडले. झाडीत शांतता इतकी, की दुरून येणारे बंदुकांचे ठोके स्पष्ट ऐकू येत होते.

बिस्लेचा माळ 1890 पासून नेमबाजांचा आहे. तिथल्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना 1859 ची. पहिली मोठी स्पर्धा 1860 मध्ये लंडनच्या विम्बल्डन माळावर झाली. तेव्हा विम्बल्डन म्हणजे टेनिस नव्हते, नेमबाजी होती! लोखंडी टेकूवर पक्की बसवलेली रायफल आणि तिच्या घोड्याला बांधलेली रेशमी दोरी. राणी व्हिक्टोरियाने ती दोरी ओढून पहिली गोळी झाडली. पुढे लंडन वाढले, लांब पल्ल्याच्या गोळ्यांना जागा पुरेना, म्हणून सगळा संसार इथे हलला. ब्रुकवूडपासून छावणीपर्यंत आगगाडीचा एक फाटाही होता. तो 1952 मध्ये बंद झाला. 1908 च्या ऑलिंपिकची नेमबाजी इथेच झाली. 2002 च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धांची नेमबाजीही इथेच झाली आणि त्यात आपल्या मुंबईच्या अंजली भागवतांनी चार सुवर्णपदके मिळवली. मराठी पावलांना हा माळ अगदीच अनोळखी नाही.

आत शिरलो आणि आम्ही दोघे एकदम म्हणालो, "अरे, हा तर आपला कॅम्प!" पत्र्याच्या उतरत्या छपरांचे लाकडी बंगले, पुढे लांब व्हरांडे, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, अंगणात ध्वजस्तंभ. बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांचे हे थोरले भाऊच. फरक एवढाच, की तिथे खुर्च्यांवर लष्करी अधिकारी नव्हते. निवृत्त शिक्षक, नळकाम करणारे कारागीर, बँकेतल्या बाया, दोन-चार कॉलेजची मुले, अशी माणसे थर्मासमधला चहा पीत बसली होती. इथल्या राजाच्या नावाच्या मानाच्या स्पर्धेतला विजेता खुर्चीत बसवून, खांद्यावर उचलून मिरवत नेण्याची रीत आहे. 1930 मध्ये तो मान मार्जोरी फॉस्टर या बाईंनी मिळवला. असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. हे ऐकल्यावर सौभाग्यवतीचा चेहरा जरा सैल झाला.

आमचे यजमान पन्नाशीचे, मितभाषी. त्यांच्याजवळ चार रायफली होत्या आणि प्रत्येकीचा परवाना. या देशात हा छंद करायचा तर सोपे नाही. आधी मान्यताप्राप्त क्लबात निदान तीन महिने उमेदवारी करावी लागते. मग पोलिसांकडे अर्ज, घरी येऊन तपासणी, भिंतीला बोल्टने आवळलेले पोलादी कपाट. परवान्याची मुदत पाच वर्षे. कोणती रायफल, कोणत्या कारणासाठी आणि किती काडतुसे, हे सगळे त्यावर लिहिलेले असते. या कडक नियमांमागे दुःखद इतिहास आहे. 1987 मध्ये हंगरफोर्ड गावात एका माथेफिरूने माणसे मारली. दुसऱ्या वर्षी त्या जातीच्या, घोडा दाबला की आपोआप पुढची गोळी चढणाऱ्या लष्करी रायफलींवर बंदी आली. 1996 मध्ये डनब्लेनच्या शाळेत सोळा चिमुकली मुले आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या. त्यानंतर पिस्तुलेही गेली. हाताने बोल्ट मागेपुढे करायच्या जुन्या रायफली तेवढ्या राहिल्या, म्हणून जमवणाऱ्यांचा सगळा जीव त्यांच्यात. पाहुण्यांचे दिवसही वर्षातून मोजकेच. आम्हालाही आपण कधी तुरुंगात गेलेलो नाही, असे लिहून सही करावी लागली. त्यावर सौभाग्यवती हसली, तेवढीच.

यजमानांनी एकेक रायफल चटईवर मांडली. पहिली रशियन मोसिन-नागां. मूळ बनावट 1891 ची. ही मात्र युद्धात फिनलंडच्या सैन्याच्या हाती लागली होती, तसा शिक्का तिच्यावर होता. दुसरी ब्रिटिश नंबर फोर, दुसऱ्या महायुद्धातली. तिसरी स्विस के-31, घड्याळासारखी गुळगुळीत. तिचा बोल्ट वर उचलावा लागत नाही. सरळ मागे ओढायचा आणि पुढे सारायचा.

या स्विस रायफलीची एक गंमत त्यांनी सांगितली. दस्त्याच्या शेवटी लोखंडी पट्टी असते. ती स्क्रू काढून उघडली, की आत पुष्कळदा कागदाची एक घडी सापडते. रायफल ज्या सैनिकाला दिली होती त्याचे नाव, पत्ता, पलटण. तिकडे प्रत्येक नागरिक सैनिक, त्यामुळे रायफल घरी असायची आणि हरवली तर कोणाची ते कळावे म्हणून ही चिठ्ठी. अशा चिठ्ठ्या सापडल्यावर जमवणारे पुष्कळदा त्या पत्त्यावर पत्र लिहितात. यजमानांच्या रायफलीतही एक नाव होते. त्यांनी पत्र पाठवले, तर त्या सैनिकाच्या मुलीने उत्तर दिले, वडिलांचा एक फोटो पाठवला. तो फोटो त्यांच्या वहीत चिकटवलेला होता. शेतात उभा असलेला एक साधा माणूस.

मग त्यांनी चौथी रायफल पुढे ठेवली आणि मी पुढे झुकलो. शॉर्ट ली-एन्फील्ड, आपली थ्री-नॉट-थ्री. मनगटाशी मुकुट, त्याखाली जीआरआय ही जॉर्ज बादशहाची अक्षरे, त्याखाली ईशापूर आणि 1942. कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातून निघालेली. ही जात 1907 पासूनची. दहा गोळ्यांचे मॅगझिन, वजन चार किलोच्या आसपास. तीनशे यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडता आल्या पाहिजेत, अशी पहिल्या महायुद्धाआधीच्या गोऱ्या पलटणींची कसोटी असे. मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणी असोत, की पुढे इटलीत उतरलेले आपले जवान असोत, ही तीन पिढ्यांची सोबतीण.

ती पिढ्या संपल्यावरही निवृत्त झाली नाही. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. 1962 च्या चीनयुद्धानंतर ईशापूरने याच बनावटीची, सध्याच्या 7.62 मिलिमीटर काडतुसाची आवृत्ती काढली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्टेशनात अतिरेक्यांच्या स्वयंचलित बंदुकांसमोर आपल्या काही पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्रीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो 2020 च्या जानेवारीत. तिथे बिस्लेला जी छंदाची वस्तू, ती आपल्याकडे कालपरवापर्यंत कामावर होती.

आणि आपल्याकडे ती छंदाची वस्तू होऊही शकत नाही. कायद्याने थ्री-नॉट-थ्री हा निषिद्ध बोअर. सामान्य नागरिकाला परवाना मिळतो तो सरकारी कारखान्यात बनणाऱ्या .315 रायफलीचा. दिसायला ती ली-एन्फील्डचीच बहीण, पण फौजेचे काडतूस तिच्यात बसू नये म्हणून नळीचे माप मुद्दाम वेगळे. हा अविश्वास जुना आहे. 1857 नंतर गोऱ्या पलटणीला नवी बंदूक आणि देशी पलटणीला तिची उतरलेली जुनी, असा रिवाजच होता. 1878 च्या शस्त्रकायद्याने तर सामान्य हिंदी माणूस निःशस्त्रच झाला.

याला एक अपवाद आपल्याच राज्यात आहे. बँकेच्या नोकरीत माझी दोन वर्षे मडिकेरीला गेली. कोडगूतल्या कोडवांना ब्रिटिश काळापासून शस्त्रपरवान्यातून सूट आहे. सध्याची सूट 2029 पर्यंतची आणि 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती वैध ठरवली. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांचा कैलपोळ्द सण येतो. भातलावणी संपलेली असते. घरातल्या बंदुका पुसून देवापुढे मांडतात, नळीच्या तोंडात 'तोकपू' खोवतात. तोकपू म्हणजे बंदुकीचे फूल, आपण जिला कळलावी म्हणतो ते लाल-पिवळे फूल. मग उंच झाडाला बांधलेला नारळ गोळीने फोडायची शर्यत. मुलगा जन्मला की एक बार, माणूस गेला की दोन बार. तिथे बंदूक घरातल्या माणसासारखी वागवलेली मी पाहिली. आपल्याकडे खंडेनवमीला कोयता, विळा, गाडी, शिवणयंत्र यांची पूजा होते, घरच्या कन्नड बाजूला तिला आयुधपूजा म्हणतात, त्यातलाच हा भाव. शस्त्र हे आधी हत्यार, म्हणजे कामाचे साधन.

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावच्या सेंटरमध्येच भरती झाले आणि इटलीत लढले. लढाईचे फारसे कधी बोलले नाहीत. इटलीतल्या चिखलाचे बोलत आणि तिथल्या द्राक्षांचे. रायफल साफ करायचे मात्र बारकाव्याने सांगत. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत क्षार असे, तो नळीत राहिला की रातोरात गंज चढे. म्हणून आधी नळीतून उकळते पाणी ओतायचे, मग दोरीला चिंधी बांधून ओढायची, शेवटी तेल. आमच्या घरच्या विळ्या-कोयत्यांचीही त्यांनी आयुष्यभर तशीच उस्तवार केली. आणखी एक गोष्ट, त्यांना आपला रायफल नंबर पाठ होता. अखेरच्या दिवसांत नातवंडांची नावे चुकायची, पण नंबर विचारला की ताड्कन सांगायचे. ते गेले 1998 मध्ये. नंबर मलाही पाठ झालेला.

बिस्लेच्या चटईवर मी गुडघे टेकून त्या रायफलीचा नंबर वाचला. आबांचा नव्हता. कसा असेल? अशा लाखो रायफली बनल्या. पण वाचल्याशिवाय राहवले नाही आणि वाचून झाल्यावर क्षणभर बोलवले नाही. यजमान काही न विचारता थांबले.

दस्त्यावर पलटणीतला रॅकचा आकडा ठोकलेला होता, पण पलटण कोणती ते नव्हते. इतका वेळ गप्प असलेली सौभाग्यवती मला म्हणाली, "इदु यारद री?" स्विस रायफलीचा माणूस सापडला, त्याच्या मुलीचे पत्र आले, मग ही कोणाची? मी तिचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. यजमानांनी आपली वही उघडली. प्रत्येक रायफलीला एक पान. ईशापूरच्या पानावर शिक्के, आकडे, दुरुस्तीच्या खुणा एवढेच. खाली कोरे. ते म्हणाले, "तुमची फौज मोठी आणि कागद माझ्या हाती लागलेले नाहीत. युद्धानंतर साठे विकले गेले, व्यापाऱ्यांच्या हातून हातात गेले. लोखंड आले, माणूस वाटेत राहिला."

त्यांना मी सरळच विचारले, माणसे मारायला बनवलेली वस्तू शौकाने बाळगताना काही वाटत नाही का? ते म्हणाले, "वाटते. म्हणूनच वही ठेवतो. नाहीतर ती नुसती बंदूक राहील." हे उत्तर मला पूर्ण पटले असे नाही. आमच्या घरी रायफल म्हणजे पगार होता, पेन्शन होती, रात्री दचकून उठणारे आबा होते. शनिवारची करमणूक ती कधीच नव्हती. पण त्यांच्या टाळ्याकुलपातल्या काळजीत आणि कोऱ्या पानाच्या खंतीत मला खोटेपणाही दिसला नाही.

त्यांनी मला पाच गोळ्या देऊ केल्या. अंतर दोनशे यार्ड. कानावर आवाज अडवणारी टोपणे, मागे उभा असलेला अधिकारी, लाल निशाणे, बोल्ट उघडा की बंद याची सारखी विचारणा. या बोल्टला पुढे ढकलताना जोर लागतो, तेव्हाच स्प्रिंग ताणली जाते. पालथे पडून गालाला थंड लाकूड लागले. घोडा दाबला. खांद्याला धक्का बसला तो आबांनी सांगितला होता तेवढाच. तिकडे मातीच्या भिंतीमागे बसलेली माणसे लक्ष्य खाली ओढतात, भोकात बिल्ला लावून पुन्हा वर करतात, तेव्हा आपली गोळी कुठे लागली ते कळते. माझ्या दोन गोळ्या खालच्या कडेला, दोन मधल्या वर्तुळाबाहेर लागल्या. पाचवी झाडायच्या आधी सौभाग्यवती म्हणाली, "साक री." मी बोल्ट उघडला आणि पाचवे काडतूस परत दिले. अधिकाऱ्याने ते मोजून डब्यात ठेवले.

निघताना यजमान म्हणाले, "तुमच्या वडिलांचे नाव या पानावर लिहा ना." मी नको म्हटले. ही रायफल त्यांची नव्हती. ज्याची होती त्याचे नाव पुसून तिथे आपल्या माणसाचे नाव बसवणे आबांना आवडले नसते. दुसऱ्याच्या रायफलीला हात लावायचा नाही, ही बराकीतली पहिली शिस्त. पण पान कोरे ठेवणेही बरे वाटेना. शेवटी मी देवनागरीत लिहिले, 'ईशापूर, 1942. कोणाची ते ठाऊक नाही.' त्याखाली सौभाग्यवतीने कन्नडमध्ये लिहिले, 'यारदो गोत्तिल्ल'. यजमानांनी दोन्ही लिप्यांवरून बोट फिरवले आणि अर्थ विचारून इंग्रजीत तारीख घातली.

मुलांकडे इंग्लंडला जाणाऱ्यांनी एक दिवस इकडे जरूर काढावा. ब्रुकवूडला उतरून आधी टाटांची समाधी पाहावी, मग माळावर यावे. जुलैत मुख्य स्पर्धा असतात, तेव्हा कोलापोरही पाहता येते. ऑक्टोबरात ट्रफॅल्गरच्या नावाने जुन्या हत्यारांचा मेळा भरतो. रायफल संघटनेचे संग्रहालयही इथेच आहे. दिवस आधी विचारून घ्यावा. सोबत छत्री आणि डबा न्यावा. माळावर वारा फार.

आणि कोल्हापूरचे नाव तिथे फक्त करंडकावर आहे असे समजू नका. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला रायफल नेमबाजीत विश्वविजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक आणले. दोघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. यांच्या रायफलींचे नंबर कोणी विचारणार नाही, पण त्या कोणाच्या, हे मात्र सगळ्या जगाला ठाऊक आहे.